संस्थेची किल्ली कोणाच्या खिशात?

(नायगाव, जि. नांदेड येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या लागतात, हे बँकेत नोकरी केलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. एक शाखाधिकाऱ्याकडे, दुसरी रोखपालाकडे. दोघेही समोर उभे राहिल्याखेरीज तिजोरी उघडत नाही. याच किल्ल्यांचा आणखी एक जोड मोहोरबंद पाकिटात दुसऱ्या शाखेत ठेवलेला असतो. ठरावीक काळाने तो परत मागवतात, वापरातील जोड तिकडे पाठवतात आणि त्याची नोंद रजिस्टरात होते. देवस्थानाची दानपेटी पंचांसमक्ष उघडण्याची रीतही याच जातीची. ही पद्धत कोणा एका विद्वानाने एके दिवशी बसून लिहिलेली नाही. पैसा अनेकांचा आणि हात एकाचा असला की काय घडते, याच्या कडू अनुभवातून ती पिढ्यान् पिढ्या घडत आली.

आजचा विषय वरकरणी या तिजोरीपासून फार दूरचा वाटेल. संस्थेचे क्रिप्टो वॉलेट ब्राउझरमध्ये कसे बसवावे आणि ते बंद पडल्यास परत कसे उभे करावे, असा तो विषय आहे. नायगावसारख्या तालुक्याच्या गावी, जिथे सोयाबीनचा भाव हीच रोजची चर्चा, तिथे हे कशाला, असे काहींच्या मनात येईल. पण नांदेड-हैदराबाद रस्त्यावरच्या या गावातील मुले आज पुण्यात आणि हैदराबादेत संगणक कंपन्यांत आहेत, कोणी चार्टर्ड अकाउंटंटच्या कार्यालयात लेखापरीक्षण करते आहे. त्यांच्या टेबलावर हे प्रकरण केव्हाच येऊन पोहोचले आहे. २४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेने कंपनी कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात बदल झाला आणि कंपनीकडे आभासी चलन असेल तर ते वार्षिक आर्थिक पत्रकांत जाहीर करणे बंधनकारक झाले. म्हणजे ते कोणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न हिशेबनिसाला विचारावाच लागतो.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. सहकारी पतसंस्थेने आपला निधी कोठे गुंतवावा हे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७० मध्ये ठरवून दिले आहे. सार्वजनिक न्यासांसाठी १९५० च्या न्यास कायद्याचे कलम ३५ आहे. त्या याद्यांत आभासी चलन नाही. त्यामुळे पतसंस्थेच्या किंवा देवस्थानाच्या पैशाने हा उद्योग करण्याचा विचारही कोणी करू नये. हे चलन भारतात कायदेशीर चलन नाही. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना त्यापासून दूर राहण्याचा आदेश दिला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केला. २०२२ पासून त्यातील नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि मार्च २०२३ पासून त्याचे व्यवहार करून देणाऱ्या संस्था काळा पैसा प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आहेत. बंदी नाही, मान्यताही नाही, कर मात्र आहे, अशी ही त्रिशंकू अवस्था. खासगी कंपन्या आणि भागीदारी संस्था तरीही हे चलन बाळगतात आणि ते सांभाळण्याची जबाबदारी अखेर त्यांच्या एखाद्या तरुण कर्मचाऱ्यावर येते. आजचे विवेचन प्रामुख्याने त्याच्यासाठी आणि त्याच्या वरिष्ठांसाठी आहे.

वॉलेट म्हणजे पाकीट. पण या पाकिटात नाणे नसते, हे प्रथम लक्षात घ्यावे. नाणे म्हणजे जगभरातील हजारो संगणकांवर एकाच वेळी लिहिलेल्या खातेवहीतील एक नोंद. ती नोंद एका नावावरून दुसऱ्या नावावर करण्याचा अधिकार देणारी एक प्रचंड मोठी गुप्त संख्या असते. ती संख्या हीच किल्ली. वॉलेट त्या किल्लीने सही करते, इतकेच. ब्राउझरला जोडलेले छोटे उपकरण, ज्याला एक्स्टेन्शन म्हणतात, ते या सहीचे टेबल होय. मेटामास्क या नावाचे असे एक्स्टेन्शन २०१६ पासून प्रचारात आहे, आणि संस्थांसाठी त्याच धाटणीची निराळी रूपेही पुढे निघाली.

व्यक्तीचे वॉलेट आणि संस्थेचे वॉलेट यांतील फरक येथेच सुरू होतो. व्यक्तीच्या वॉलेटमध्ये किल्ली त्याच संगणकात, पासवर्डच्या कुलपात असते. संस्थेच्या वॉलेटमध्ये किल्ली तेथे असू नये, अशी मूळ योजना आहे. ती कस्टोडियनकडे, म्हणजे ठेव सांभाळणाऱ्या स्वतंत्र कंपनीच्या यंत्रणेत असते. काही ठिकाणी अनेक किल्ल्या असतात आणि त्यांपैकी ठरावीक संख्येने सह्या झाल्या तरच व्यवहार होतो. काही ठिकाणी एकाच किल्लीचे तुकडे करून ते निरनिराळ्या ठिकाणी ठेवतात आणि सही करतानाही ते एकत्र आणत नाहीत. एक्स्टेन्शनमधून कर्मचारी फक्त प्रस्ताव मांडतो. मंजुरी दुसरे देतात. शाखाधिकारी आणि रोखपाल यांचीच ही जोडी, नव्या वेषात आलेली.

आता प्रत्यक्ष बसवण्याकडे वळू. यासाठी संगणक वेगळा असावा. ज्या संगणकावर दिवसभर ई-मेल उघडले जातात, चित्रपट पाहिले जातात, तो या कामाचा नव्हे. एक्स्टेन्शन उतरवून घेताना शोधयंत्रात नाव टाकून वरच्या जाहिरातीवर बोट ठेवू नये. हुबेहूब नावाची आणि चिन्हाची बनावट एक्स्टेन्शने वारंवार सापडली आहेत. कस्टोडियनने करारासोबत लेखी दिलेल्या पत्त्यावरूनच ते घ्यावे. ते उघडल्यावर पासवर्ड ठरवण्यास सांगितले जाते आणि त्यानंतर बहुधा बारा इंग्रजी शब्द पडद्यावर येतात. मग कस्टोडियनच्या यंत्रणेत जाऊन ही जोडणी मंजूर करायची, संस्थेची कोणती खाती या ब्राउझरमध्ये दिसावीत ते निवडायचे, आणि प्रस्ताव कोणी मांडायचा, मंजुरी कोणी द्यायची, किती रकमेपर्यंत किती जणांनी, हे ठरवायचे. हा अखेरचा भाग तांत्रिक माणसावर सोपवून संचालक मंडळ चहाला उठते, आणि पुढच्या बहुतेक दुखण्यांचे मूळ तेथेच असते. संगणकाला फक्त दिलेली मर्यादा कळते. ती मर्यादा किती असावी, हे त्याला कोण सांगणार?

येथे तीन गोष्टींची नेहमी गल्लत होते. पासवर्ड, बारा शब्द आणि कस्टोडियनकडील प्रवेश. पासवर्ड हे घरातील कपाटाचे कुलूप आहे. ते त्या एका संगणकापुरते. विसरला तर एक्स्टेन्शन बनवणारी कंपनीही सांगू शकत नाही, कारण तो तिच्याकडे नसतोच. बारा शब्द हे मूळ खरेदीखत आहे. ज्याच्या हाती ते, त्याला कपाटाची गरज नाही. तो जगात कोठेही बसून, ब्राउझरमध्येच तयार झालेली खाती उघडू शकतो. कस्टोडियनकडील प्रवेश हा बँकेतील नमुना सहीच्या कार्डासारखा. तो अधिकार संस्थेने व्यक्तीला दिलेला असतो आणि ठराव करून काढूनही घेता येतो.

ही गल्लत महागात पडते ती पुनर्स्थापनेच्या वेळी. संगणक बिघडला, कोणी ब्राउझर साफ करताना एक्स्टेन्शन काढून टाकले, किंवा पासवर्ड विसरला. नव्या संगणकावर त्याच नावाने ब्राउझरमध्ये प्रवेश केला की एक्स्टेन्शनचे चिन्ह परत दिसते आणि माणसाला हायसे वाटते. परंतु चिन्ह आले म्हणजे खाती आली असे नाही. बारा शब्द भरले तर त्या शब्दांतून जन्मलेली स्थानिक खाती परत येतात. कस्टोडियनकडील खाती त्या शब्दांतून जन्मलेलीच नसतात. ती येत नाहीत. पडद्यावर शून्य दिसते आणि कार्यालयात हाहाकार उडतो. प्रत्यक्षात काहीही गेलेले नसते. कस्टोडियनकडे नव्याने जोडणी मागून, ती मंजूर करून घेतली की खाती पूर्ववत दिसू लागतात. धोका या शून्यात नसून त्या घबराटीत आहे. अशाच वेळी कोणीतरी समाजमाध्यमावर मदत मागतो आणि दहा मिनिटांत ‘साहाय्य कक्षाचा’ अत्यंत नम्र माणूस हजर होतो. तो बारा शब्द मागतो. ते मागणारा कोणीही असो, तो चोर आहे असे समजून फोन ठेवावा. शब्द दिले गेलेच असतील तर त्या खात्यांतील रक्कम त्याच क्षणी दुसरीकडे हलवावी आणि १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

या बारा शब्दांविषयी थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे. ते कोणाच्या मनातून आलेले नसतात. २०१३ मध्ये ठरलेल्या एका मानकानुसार २,०४८ शब्दांची एक निश्चित यादी आहे आणि त्यातून यंत्र दैवगतीने शब्द उचलते. यादी अशी रचली आहे की पहिल्या चार अक्षरांवरून प्रत्येक शब्द ओळखता यावा. इंग्रजीखेरीज जपानी, कोरियन, स्पॅनिश, चिनी, फ्रेंच, इटालियन, चेक आणि पोर्तुगीज या भाषांतील याद्याही त्या मानकात आहेत. भारतीय भाषा एकही नाही. एक कोटीच्या आसपास लोक बोलतात त्या चेक भाषेला जागा मिळाली, आणि मराठी, हिंदी, तामिळ यांना नाही. भाषांची ती कामे करण्यासाठी आपल्याकडील कोणी पुढे झाले नाही, हेच त्याचे सरळ कारण असावे. तोपर्यंत नायगावच्या कोषाध्यक्षालाही इंग्रजी शब्दच कागदावर उतरवावे लागणार.

ते उतरवताना क्रमांक घालून, सुट्या ठसठशीत अक्षरांत उतरवावेत, कारण क्रम बदलला की किल्ली बदलते. शेवटच्या शब्दात एक छोटा ताळा दडवलेला असतो. यादीतीलच एखादा चुकीचा शब्द लिहिला गेला तर साधारण सोळापैकी पंधरा वेळा वॉलेट तो नाकारते. सोळाव्या वेळी मात्र ते निमूटपणे स्वीकारते आणि भलतेच, रिकामे खाते उघडून देते. म्हणूनच वॉलेटने शब्द मान्य केले एवढ्यावर थांबू नये, खात्याचा पत्ता पूर्वी नोंदवलेल्या पत्त्याशी ताडून पाहावा. शब्दांचे मोबाइलवर छायाचित्र काढू नये, ते व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नयेत. कागदाच्या दोन प्रती एकाच इमारतीत ठेवणे म्हणजे एकच प्रत ठेवणे होय. ऑगस्ट २०२५ मध्ये शेजारच्या मुखेड तालुक्यात लेंडीच्या पुराचे पाणी रातोरात घरांत शिरले. तेथे माणसे गेली, त्या दुःखापुढे कागदाची कथा ती काय; पण दुसरी प्रत दुसऱ्या गावी का असावी, हे या भागात वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आपल्या संस्थांमध्ये एक वाक्य फार ऐकू येते. ‘ते सगळे अमुक भाऊंना ठाऊक आहे.’ भाऊ प्रामाणिक असतात, त्यागी असतात, वीस वर्षे संस्थेसाठी झिजलेले असतात. त्यांच्याविषयी शंका घेणे हा अपमान मानला जातो. परंतु प्रामाणिक माणूसही आजारी पडतो, अपघातात सापडतो. क्वाड्रिगासीएक्स या कॅनडातील क्रिप्टो कंपनीचा तिशीतील प्रमुख जेराल्ड कॉटन डिसेंबर २०१८ मध्ये आपल्याच देशात, जयपूरमध्ये मरण पावला. ग्राहकांच्या चलनाच्या किल्ल्या फक्त त्याच्याकडे होत्या, असे प्रथम सांगण्यात आले. ७६ हजारांच्या आसपास ग्राहक अडकले. पुढे तपासात जे निघाले ते अधिक भयंकर होते. ओंटारिओच्या रोखे नियामकाने जून २०२० मध्ये निष्कर्ष काढला की कॉटनने ग्राहकांचा पैसा हयातीतच उडवलेला होता. किल्ली एकाकडे असल्यामुळे आत काही आहे की नाही, हे पाहण्याची सोयच कोणाला नव्हती. एकाच खिशातील किल्लीचे दुखणे दुहेरी असते. माणूस गेला की पैसा अडकतो, आणि माणूस असतो तोपर्यंत हिशेब तपासता येत नाही.

महाराष्ट्रातील उदाहरण पुण्याचे आहे. २०१८ मधील बिटकॉइन फसवणुकीच्या तपासात पोलिसांना आरोपींचे आभासी चलन ताब्यात घ्यायचे होते. त्यासाठी वॉलेट हवे, ते हाताळणारे जाणकार हवेत. बाहेरच्या तज्ज्ञांची मदत घेण्यात आली. मार्च २०२२ मध्ये त्यांच्यापैकी दोघांना पुणे पोलिसांनीच अटक केली. जप्त करावयाचे चलन त्यांनी परस्पर वळवले आणि शिल्लक दाखवणारी पडद्याची छायाचित्रे बदलून पोलिसांना दिली, असा आरोप ठेवण्यात आला. आरोपाचा निवाडा न्यायालयाचा. संस्थेने मात्र एवढे पाहावे की शिल्लक ही कोणी आणून दिलेल्या छायाचित्रावरून पाहण्याची गोष्ट नाही. खातेवही जगजाहीर आहे. पत्ता ठाऊक असेल तर लेखापरीक्षक स्वतःच्या संगणकावर, किल्लीला हात न लावता, शिल्लक पाहू शकतो.

नांदेडकरांना जानेवारी २०२१ आठवत असेल. शंकर नागरी सहकारी बँकेच्या आयडीबीआय बँकेतील खात्यातून सुमारे साडेचौदा कोटी रुपये परस्पर निघून गेले आणि अनेक खात्यांत विखुरले. तेथे क्रिप्टोचा संबंध नव्हता, साध्या रुपयांचाच प्रश्न होता. पण संस्थेच्या वतीने आदेश देण्याचा अधिकार चोरला गेला की काय होते, ते जिल्ह्याने तेव्हाच पाहिले.

यानंतर सर्वांत महत्त्वाची घटना. वझीरएक्स हे मुंबईचे क्रिप्टो विनिमय केंद्र. त्यांच्या एका वॉलेटला सहा सह्यांची रचना होती. पाच अधिकारी वझीरएक्सचे, सहावी सही लिमिनल या कस्टोडियन कंपनीची. व्यवहारासाठी वझीरएक्सच्या तिघांनी सही करायची आणि त्यानंतर लिमिनलने. तिघांकडे सहीसाठी स्वतंत्र उपकरणे होती. पैसे कोणत्या पत्त्यांवर जाऊ शकतील याची यादीही ठरलेली होती. म्हणजे आतापर्यंत सांगितलेली पथ्ये तेथे बव्हंशी पाळली गेली होती. तरीही १८ जुलै २०२४ रोजी त्या वॉलेटमधून २३ कोटी डॉलरहून अधिक, तेव्हाच्या दराने १,९०० कोटी रुपयांवर, मूल्याचे चलन गेले. ग्राहकांच्या एकूण ठेवीचा जवळजवळ निम्मा भाग!

हे घडले कसे? वझीरएक्सच्या म्हणण्यानुसार पडद्यावर दिसत होता तो व्यवहार नेहमीचा होता, आणि प्रत्यक्ष सही झाली ती वेगळ्याच आदेशावर. तो आदेश पैसे काढण्याचा नव्हताच. तिजोरीचे कुलूप बदलून नवे कुलूप चोराच्या ताब्यात देण्याचा होता. कुलूप बदलल्यावर पत्त्यांची यादी आणि सह्यांची संख्या यांना काय अर्थ उरला? दोष आमच्या यंत्रणेत नव्हता, त्यांच्या संगणकांत होता, असे लिमिनलने सांगितले. दोन कंपन्यांचा वाद चालू राहिला आणि ग्राहक खोळंबले. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरिया यांच्या संयुक्त निवेदनात या चोरीचे उत्तरदायित्व उत्तर कोरियावर ठेवले गेले. सिंगापूरच्या उच्च न्यायालयाने परतफेडीची योजना मंजूर केल्यावर व्यवहार पुन्हा सुरू झाले ते ऑक्टोबर २०२५ मध्ये. पंधरा महिने! भारतीय ग्राहकाला स्वतःच्या ठेवीसाठी सिंगापूरच्या न्यायालयाकडे डोळे लावून बसावे लागले, हेही नोंद घेण्यासारखे आहे.

हा योगायोग होता असे म्हणावे, तर २१ फेब्रुवारी २०२५ रोजी दुबईच्या बायबिट या केंद्रातून त्याच तऱ्हेने सुमारे दीडशे कोटी डॉलर गेले. तेथेही अनेक सह्या होत्या. सह्या करण्याचे पान पुरवणाऱ्या कंपनीच्या एका कर्मचाऱ्याचा संगणक फोडून चोरांनी त्या पानाचीच आज्ञावली बदलली होती. ज्यांनी सह्या केल्या, त्या सर्वांनी तेच खोटे पान पाहिले. ही चोरी उत्तर कोरियाची असल्याचे अमेरिकेच्या एफबीआयने पाच दिवसांत जाहीर केले.

सही करणारे तिघे, पण तिघांचा चष्मा एकच, असा हा प्रकार. आपल्या सहकारी संस्थांतही कोऱ्या धनादेशांवर आधीच सह्या करून ठेवणारे दुसरे पदाधिकारी असतात. कागदोपत्री सह्या दोन, प्रत्यक्षात निर्णय एकाचा. म्हणून मंजुरी देणाऱ्याने प्रस्ताव मांडणाऱ्याच्या पडद्यावर विसंबू नये. सहीच्या उपकरणावर आदेशाचा मजकूर वाचता येत नसेल, केवळ आकड्या-अक्षरांची माळ दिसत असेल, तर सही नाकारावी. पत्त्याची पहिली आणि शेवटची चार अक्षरे जुळली म्हणून समाधान मानू नये. दोन्ही टोके जुळणारे खोटे पत्ते तयार करणे हा चोरांचा नित्याचा उद्योग आहे. मोठ्या रकमेपूर्वी अल्प रक्कम पाठवून, ती पोहोचल्याची खात्री फोनवर, आधीच ठाऊक असलेल्या क्रमांकावर करावी. यात अर्धा तास जातो. तो जाऊ द्यावा.

कर्मचारी बदलतो तेव्हाचा प्रश्न उरतो. तिजोरीची किल्ली परत घेता येते, पाहिलेले शब्द परत घेता येत नाहीत. ज्याने बारा शब्द पाहिले आहेत तो संस्था सोडून गेला, तर त्याच्याविषयी कितीही आदर असो, नवे शब्द तयार करून स्थानिक खात्यांतील शिल्लक नव्या खात्यांत हलवावी आणि कस्टोडियनकडील त्याचा प्रवेश त्याच दिवशी बंद करावा. निरोपसमारंभाचा हार आणि हे काम, दोन्ही एकाच दुपारी व्हावीत. त्यात अपमान मानण्यासारखे काही नाही. शाखाधिकाऱ्याच्या बदलीच्या दिवशी किल्ल्यांचा पदभार सोपवल्याची सही होते, तेव्हा कोणाला अपमान वाटतो?

वर्षातून एकदा पुनर्स्थापनेची रंगीत तालीम करावी. निराळा, स्वच्छ संगणक घ्यावा, मोहोरबंद लिफाफा दोघांसमक्ष उघडावा, शब्द भरून खात्याचे पत्ते ताडून पाहावेत, कस्टोडियनची जोडणी नव्याने मंजूर करून घ्यावी आणि किरकोळ रकमेचा एक व्यवहार पुरा करावा. तालीम संपल्यावर त्या संगणकावरील एक्स्टेन्शन काढून टाकावे आणि शब्द नव्या लिफाफ्यात बंद करावेत. लिफाफा कोणी उघडला, कोणासमक्ष, कोणत्या कारणासाठी आणि किती वाजता पुन्हा बंद झाला, याची नोंद प्रोसिडिंग बुकात दोघांच्या सह्यांनिशी व्हावी. बारा शब्द मात्र त्या बुकात उतरवू नयेत, कारण ते बुक सभासदाला पाहायला मागण्याचा अधिकार असतो.